काटा खरा, किलोमीटर खोटा

४ मे

शेवटी टायर बदलले. पिकअपवर आजवर २१५/७५ आर १५ होते, आता २३५/७५ आर १५ चढवलेत. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली, खिशाकडं बघून. गाडी जरा उंच दिसते, चाकाच्या कमानीला कुठं घासत नाही. खड्ड्यांबद्दल इथं लिहीत नाही, नागपूरकरांना सांगायची गरज नाही.

कागदावरचं गणित आधीच करून ठेवलं होतं. रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे टायरच्या भिंतीची उंची. ती दुप्पट करायची आणि रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवायचे. जुन्याचा व्यास ७०३.५, नव्याचा ७३३.५. फरक ४.३ टक्के. म्हणजे मीटरवर ६० दिसलं की खरा वेग सव्वाचार टक्क्यांनी वाढलेला, म्हणजे साडेबासष्टच्या वर असणार, असं धरून मी फोनच्या जीपीएसवर वेग लावून वर्धा रोडला निघालो.

मीटर ६०, फोन ६०. मीटर ८०, फोन ८०.

बुटीबोरीपर्यंत तीनदा बघितलं. तेच.

५ मे

उत्तर माझ्याच जुन्या वहीत निघालं. जुन्या टायरवर मीटर ६० दाखवायचं तेव्हा फोन ५७ आणि ८० ला ७६. मीटर आधीपासूनच पाच टक्के फुगवून सांगत होतं. हा बिघाड नाही. युरोपातल्या नियमानुसार मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवायला मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटर एवढी मुभा आहे. त्यामुळं कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढं ठेवतात. मोठ्या टायरनं ती फुगवणूक खाऊन टाकली आणि काटा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलू लागला.

मित्र म्हणाला, "मंग झालं ना बे, काहून डोकं खाऊन राह्यला?"

डोकं खायचं कारण डिझेलची वही. टायर बदलायच्या आधी लिटरला बारा किलोमीटर पडत होते, आता अकरा. एकदम एक किलोमीटर कमी?

१० मे

पहाटे पाचला समृद्धीवर. नऊनंतर या महिन्यात कोणी प्रयोग करत नाही. शिवमडक्याहून आत शिरलो, बाजूच्या किलोमीटरच्या पाट्या धरून ट्रिप मीटर शून्य केलं आणि ८० वर स्थिर ठेवून ५० किलोमीटर मोजले. शून्य करण्यासाठी थांबलो नाही. तिथं थांबूही नका, पाटी शेजारून जाताना बटण दाबायचं. ट्रिप मीटर: ४८.०.

याच पट्ट्यावर मार्चमध्ये जुन्या टायरनं ५०.६ आले होते. म्हणजे किलोमीटर कमी मोजले जातायत आणि ॲव्हरेज खोटं पडतंय. हिशेब दुरुस्त केला तर आधीचं खरं ॲव्हरेज ११.९ आणि आताचं साडेअकराच्या आसपास. जड टायरनं थोडं खाल्लं, पण एक किलोमीटर नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, मला स्वतःला ती उशिरा कळली. केबलच्या जुन्या मीटरमध्ये एकाच केबलवर दोन वेगळी यंत्रं चालतात. किलोमीटरचे आकडे निव्वळ दात्यांवर फिरतात, केबलचे इतके फेरे म्हणजे एक किलोमीटर, त्यात खोटं बोलायला जागा नाही. काटा मात्र केबलला जोडलेला नसतो. केबलच्या टोकाला चुंबक फिरतो, त्याच्याभोवती काट्याला जोडलेली ॲल्युमिनियमची वाटी असते, वाटीत विजेचे भोवरा प्रवाह तयार होऊन ती चुंबकामागं ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं धरते. या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो वेग. ऑटो शुल्झ या जर्मन माणसानं १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. कंपनीला काटा फुगवायचा तर ती स्प्रिंगवर फुगवते, किलोमीटरला हात न लावता. म्हणून माझ्याकडं काटा खरा झाला आणि किलोमीटर खोटे.

१२ मे

वाडीच्या मिस्त्रीकडं गेलो. ते म्हणाले, "भाऊ, काच काढतो, काटा उपसून दोन घरं पुढं बसवून देतो. पाच मिनिटाचं काम."

नको म्हटलं. काटा सरकवला की सगळीकडं सारखाच फरक पडतो. २० वर दोन किलोमीटर म्हणजे दहा टक्के, ८० वर अडीच. टायरची चूक टक्क्यात असते, ती अशी जात नाही. शिवाय किलोमीटर होते तिथंच राहतात. दुरुस्ती करायची तर केबलच्या खालच्या टोकाला, ती फिरवणाऱ्या दातेरी गरारीवर.

१५ मे

पण किती? कागद म्हणतो ४.३ टक्के, समृद्धी म्हणते जवळपास साडेपाच. तीन दिवस हेच डोक्यात.

संध्याकाळी गल्लीत खडू आणि टेप घेऊन बसलो. पुढच्या चाकावर आणि खाली डांबरावर एकाच जागी खूण, गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच पूर्ण फेरे, पुन्हा खूण, मधलं अंतर मोजायचं. गाडीच्या वजनानं टायर खाली दबतो, म्हणून व्यासावरून काढलेल्या परिघापेक्षा हे अंतर कमीच भरतं. नवा टायर: ११.१८ मीटर. मग स्टेपनी चढवली: १०.७२. फरक तोच, ४.३. कागद बरोबर.

समोरच्या काकू गॅलरीतून विचारत्या झाल्या, "गाडी बंद पडली काय जी?"

मग लक्षात आलं. स्टेपनी कधी रस्त्याला लागलीच नाही, तिची नक्षी आठ मिलिमीटर शाबूत आहे. मार्चमध्ये मी चालवत होतो ते टायर झिजलेले. त्यातला एक अजून गच्चीवर पडला होता, कुंडी करायला ठेवलेला. खाली आणला, चढवला, पाच फेरे: १०.६०. नक्षी चार मिलिमीटर उरलेली. ११.१८ भागिले १०.६० म्हणजे साडेपाच टक्के. चार मिलिमीटर रबरानं मला तीन दिवस फिरवलं.

२३ मे

ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा, गिअरबॉक्सला लागून असलेला डबा) केबलची नायलॉनची गरारी काढली. दाते मोजले, २३. एक दाता कमी केला तर केबल २३ भागिले २२, म्हणजे साडेचार टक्के जोरात फिरणार. मोठा टायर कमी फेरे घेतो, त्याची भरपाई. (मी आधी भंगारवाल्याकडं २४ ची मागून आलो होतो. उलटं. सुदैवानं त्याच्याकडं नव्हती.) २२ ची तशाच दुसऱ्या एका गिअरबॉक्समधून मिळाली. दाते बोटानं चाचपून बघितले, एकही खाल्लेला नव्हता.

बसवणं सोपं. मात्र गाडी उतारावर उभी होती आणि गरारी निघताच काळपट ऑइलची धार कोपरापर्यंत आली. त्या ऑइलचा गंधकासारखा वास दोन आंघोळींनी जातो. केबलची आतली तार बाहेर ओढून पुसली, हलकं ग्रीस लावलं, पण वरचा वीतभर भाग कोरडा ठेवला. ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरलं की काटा चिकटतो.

२४ मे

सकाळी शहाबादी फरशीवर रुपयाएवढा डाग. "हे काय सांडवून ठेवलं बा?" आईनं विचारलं. गरारीची जुनी ओ-रिंगच (ऑइल अडवणारी रबरी कडी) परत घातली होती, उन्हानं आणि वयानं कडक झालेली. दहा रुपयांची नवी आणली, ऑइल लावून बसवली. आता कोरडं आहे.

२६ मे

नवतपा लागलाय, म्हणून पहाटे साडेचारलाच निघालो. टायर थंड असतानाच हवा तपासली. तोच पट्टा, तोच ८०. ट्रिप मीटर: ५०.१.

मीटरवर ८० असताना फोन ७६-७७. काटा पुन्हा पूर्वीसारखा फुगवून सांगू लागला आणि मी तो तसाच ठेवणार आहे.

नवे टायर झिजत जातील तसा ५०.१ चा आकडा वर सरकेल. नक्षी अर्धी झाली की ५०.६-५०.७ यायला हवेत. दर दहा हजार किलोमीटरला याच पट्ट्यावर मोजून वहीत लिहीन. पगार झाला की पाचवा टायर घ्यायचाय. तोवर पंक्चर झालंच तर जुनी स्टेपनी पुढच्या चाकाला लावायची, मागं नाही. मागं दोन वेगळ्या मापांची चाकं ठेवून लांब पळवलं तर डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरला, सतत काम.