रास्पबेरी पायवर सीरियल पोर्ट चालू करताना : माझा अनुभव

वर्कशॉपमधील वीजमीटरचे रीडिंग आपोआप नोंदवले जावे, यासाठी मी रास्पबेरी पाय 3 या छोट्या संगणक-बोर्डवर सीरियल पोर्टचा (तारेवरून एकेक बिट पाठवणाऱ्या जोडणीचा) प्रोग्राम लिहायला घेतला. कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे आणि पायसीरियल ही पायथनची लायब्ररी बसवणे ही कामे विनासायास झाली. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनात सीरियलवरचे लॉगिन बंद करून हार्डवेअर पोर्ट चालू ठेवावा, नाहीतर कर्नलचे संदेश त्याच तारेवर जाऊन मीटरशी होणारा संवाद बिघडतो.

खरा खोळंबा पुढे झाला. बोर्डवरच्या 8 (पाठवणारी) आणि 10 (घेणारी) क्रमांकाच्या पिन एका तारेने जोडल्या की पाठवलेली अक्षरे जशीच्या तशी परत येत. पण आरएस-485 (ए आणि बी अशा दोन तारांवरून सिग्नल नेणाऱ्या) मॉड्यूलमार्फत मीटर जोडला की नुसता टाइमआउट. मीटर मॉडबस या संवादपद्धतीवर, 9600 बॉड (सेकंदाला 9600 बिट) आणि सम पॅरिटी (चूक पकडण्यासाठी जोडलेला जादा बिट) अशा सेटिंगचा होता. ए आणि बी तारांची अदलाबदल केली, मॉड्यूल बदलले, तरी मीटर ढिम्म. जोडा आणि वापरा, एवढेच सांगणाऱ्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकाचा मला अजूनही राग येतो. पाय 3 मध्ये पीएल011 हा पूर्ण क्षमतेचा यूएआरटी (सीरियल संवाद सांभाळणारा हार्डवेअरचा भाग) मुळातच ब्लूटूथला दिलेला असतो आणि पिनवर येतो तो मिनी यूएआरटी, ज्यात पॅरिटीची सोयच नाही. प्रोग्राममध्ये सम पॅरिटी लिहिलेली होती, पडद्यावर कसलीही एरर नव्हती, आणि तारेवर मात्र पॅरिटी बिट जातच नव्हता. पिन एकमेकींना जोडल्यावर पाठवणारा आणि घेणारा एकच असतो, त्यामुळे त्या चाचणीत ही उणीव दिसणे शक्यच नव्हते. रास्पबेरी पायच्या अधिकृत दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे. तारेला हात लावण्याआधी तो भाग वाचावाच.

कॉन्फिग फाइलमध्ये डिसेबल-बीटी या ओव्हरलेची (हार्डवेअरची मांडणी बदलणाऱ्या सेटिंगची) एक ओळ घातली की पीएल011 पिनवर परत येतो. ही फाइल रास्पबेरी पाय ओएसच्या 2023 मधील बुकवर्म आवृत्तीपासून बूटमधील फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. ब्लूटूथ बंद पडते. ते हवेच असेल तर ब्लूटूथला मिनी यूएआरटी देणारा मिनीयूएआरटी-बीटी हा ओव्हरले आहे. बोर्ड रीस्टार्ट केल्यावर सीरियल0 हे पोर्टचे नाव टीटीवायएस0 (मिनी यूएआरटी) ऐवजी टीटीवायएएमए0 (पीएल011) कडे वळलेले दिसले, आणि पहिल्याच विनंतीला मीटरने व्होल्टेजचा आकडा पाठवला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. प्रोग्राममध्ये सीरियल0 हेच नाव वापरावे.

मॉड्यूल निवडतानाच ते 3.3 व्होल्टचे आहे ना, हे पाहावे. 5 व्होल्टचा सिग्नल थेट पिनवर दिल्यास बोर्ड खराब होऊ शकतो. पोर्ट उघडताना परवानगी नाकारली गेली, तर आपला यूजर डायलआउट या, सीरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे.