डेम्लो संख्यांची वही: नऊ एकांचा वर्ग पूर्ण फोडला

नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठच असेल, पण या वेळी मी ती संख्या कॅल्क्युलेटरला हात न लावता मुळापर्यंत फोडायला घेतली आणि जे काय सापडत गेलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांच्या घराण्याला डेम्लो नाव दिलं ते जी.आय.पी. (आजच्या सेंट्रल) रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून, त्यामुळे सेंट्रल लाइनवाल्यांनो, ही आपल्या घरची संख्या आहे.

आधी आतली १११११११११ घेतली. ९ ने भागलं की १२३४५६७९, मधला ८ गायब! हीच रांग १/८१ च्या दशांशात ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... अशी फिरत राहते, तिथेच बराच वेळ रमलो. मग ३७ ने भाग गेला आणि उरली ३३३६६७.

खरी मजा इथे आहे. ही मूळ संख्या आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरासं पुढे, म्हणजे शंभरावर मूळ संख्यांनी भागून बघायचं. पण ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो ना, म्हणून तिचा कुठलाही मूळ अवयव 'प' घेतला तर १/प चा दशांश १, ३ किंवा ९ अंकांनी रिपीट व्हायलाच हवा. १ वाला फक्त ३, ३ वाला फक्त ३७, आणि दोघांनीही इथे भाग जात नाही (३७ ला बाकी १ उरते). राहिला ९ वाला, त्यासाठी प मधून १ काढला की १८ ने भाग जायला हवा (रिपीट होणाऱ्या अंकांच्या संख्येने, म्हणजे ९ ने, प वजा १ ला भाग जातोच, आणि प विषम म्हणून २ नेही), म्हणजे यादी एकदम १६ वर आली! १९, ७३, १०९, १२७ असं करत ५७७ पर्यंत. १९ ला बाकी ८, १६३ ला ६, शेवटी ५७७ ला १६१, एकानेही पूर्ण भाग गेला नाही. मूळच आहे!

तर वर्ग म्हणजे ८१ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७, ८१ चे विभाजक ५, बाकी दोन वर्गांचे ३-३, म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१, कारण गुणाकारात कुठेच हातचा येत नाही.

दहा एकांना मात्र हातचा येतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात १०, शून्य लिहून हातचा १, शेजारच्या ९ चे परत १०, मग ८ चे ९ होऊन थांबतं. प्रत्येक हातच्यामागे बेरीज ९ ने घटते, म्हणून १०० ऐवजी ८२. अवयव ११, ४१, २७१, ९०९१, आणि वर्गाचे विभाजक ८१, मला हे फारच आवडलं.

आता अकरा एक घेतलेत. इथे १८ च्या जागी २२ ची पायरी आहे, २३, ६७, ८९, १९९ झाले, अजून कशानेच भाग गेलेला नाही. कोणाचं आधीच झालं असेल तर उत्तर सांगू नका प्लीज, मला स्वतः पोचायचंय.