ईको कॅम्पर अपडेट: देवगड-मालवण झालं, बेड पास, पडदे नापास

मंडळी, गड्ड्याची (आपली सिद्धेश्वर यात्रा) गर्दी ओसरली आणि आत झोपायची सोय केलेल्या आपल्या मारुती ईकोला एकदाचा समुद्र दाखवून आणला. सोलापूरहून सांगोला-मिरज करत कोल्हापूर, तिथून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून नांदगाव तिठा आणि सरळ देवगड, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं कुणकेश्वर, आचरा, मालवण, तारकर्ली. मिरजेपर्यंतचा रस्ता आता एवढा मख्खन झालाय की त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलंच नाही.

आधी बिल्ड. गाडीला एकपण वेल्डिंग नाही, एकपण भोक नाही. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल चालणार नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल आहे, आरटीओच्या नादी कोण लागणार, म्हणून आपला बेड सामान म्हणून चढतो आणि सामान म्हणूनच उतरतो. मागची सीट फोल्ड, वर अॅल्युमिनियम सेक्शनची नट-बोल्टवाली फ्रेम, त्यावर 12 एमएम मरीन प्लाय. प्लाय घेताना आयएस 710 चा (मरीन प्लायचं सरकारी मानक) शिक्का बघूनच घ्या, आयएस 303 वाला साधा प्लाय स्वस्त पडतो पण खाऱ्या दमट हवेत तो फुगणारच. सेक्शन एमआयडीसीतल्या भंगारातून कापून आणले, त्यामुळं सगळा बेड बीचवरच्या एखाद्या बऱ्या रिसॉर्टच्या एका रात्रीच्या भाड्यात बसला. मी तिरका झोपलो की पाय मावतात, सहा फुटी माणसानं मात्र ईकोचा नाद सोडावा.

फोंडा घाट सेकंड गिअरमध्ये उतरलो, ब्रेक थंड राहिले. पण ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळं मुक्कामाला पोचल्यावर बराच वेळ बुडाखाली चूल पेटल्यासारखं वाटतं. गाडी थांबवली की चारी दारं उघडायची, चहा बाहेर करायचा आणि मगच अंथरूण टाकायचं. गॅस कायम बाहेरच, 5 किलोचा सिलेंडर आणि एक बर्नर, आत पेटवायचं नावच नाही.

आता खरा मुद्दा. आपण सोलापूरकर उकाड्याला भीत नाही, बेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली झोपलेली माणसं आपण, पण तिकडं उकाडा नव्हे, दमटपणा माणसाला रडवतो. कुणकेश्वरला पहिल्या रात्री डास नकोत म्हणून काचा लावून झोपलो तर पहाटे काचांच्या आतून पाण्याचे ओघळ, छताचा पत्रा ओला, आणि पडदे म्हणून लावलेल्या आपल्या चादरी अशा जड झालेल्या की पिळल्या असत्या तर पाणी निघालं असतं. दोन माणसांचा रात्रभरचा श्वास, तो जाणार कुठं? डब्यातली कडक भाकरीसुद्धा सादळली राव, जी घरी महिनाभर कडकडीत राहते. बायको म्हणली, "ही भाकरी आता चपाती झालीय, खा गुमान." शेंगा चटणीनं वेळ मारून नेली.

दुसऱ्या रात्रीपासून मधल्या दारांच्या सरकत्या काचा दोन्हीकडून चार बोटं उघड्या, बाहेरून मच्छरदाणीची जाळी, कडेला टेलरकडून चुंबक शिवून घेतलेले होतेच, ते पत्र्याला टकाटक चिकटतात. एक पंखा हवा आत घेणारा, एक बाहेर फेकणारा. सकाळी काच फक्त धुरकट, एका टर्किश टॉवेलमध्ये साफ. दोन्ही पंखे मिळून 24 वॉट, आठ तास म्हणजे 192 वॉट-अवर, आणि बॅटरी 12.8 व्होल्ट 30 एएच (अँपिअर-अवर) म्हणजे 384 वॉट-अवर. कागदावर दोन रात्री, दिवसा गाडी चालली की डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या करंटवर ही बॅटरी भरणारा) भरून काढतो. सोलर पॅनलचा खर्च मी तरी करणार नाही. गाडीत फ्रिज ठेवणारे मित्र भांडतील, भांडू द्या.

वाळूत गाडी घालू नका. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती तुमच्यासाठी थांबत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब लक्षात ठेवा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, आणि त्याच्या साधारण सहा तासांनी ओहोटी. फिरायला ओहोटी बघून जा, गाडी वर डांबरावर.

मुक्कामाला आम्ही घरगुती खाणावळवाल्यांच्या अंगणात थांबलो. रात्रीचं जेवण त्यांच्याकडं घेतलं की पार्किंग, संडास-बाथरूम बहुतेक ठिकाणी फुकट नाहीतर शंभर-दोनशेत. जेवण फक्कड, पैसे सत्कारणी.

परत आल्या आल्या खालून प्रेशरनं गोड्या पाण्यानं धुऊन घेतली, सायलेन्सरच्या क्लॅम्पवर तेवढ्यातच गंजाची लालसर छटा आलेली दिसली. आता खालून अंडरकोटिंग (गंज रोखणारा थर) मारायचंय, चादरींच्या जागी पातळ नायलॉनचे पडदे शिवायला टाकलेत, आणि पुढचा टप्पा उत्तरेकडचा, जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ जंगारनं (गाड्या खाडीपार नेणारी बोट). ज्यांनी ईको जंगारवर चढवलीय त्यांनी सांगा, बेड आणि पूर्ण सामान असताना रॅम्पवर मागचा बंपर घासतो का?