आधी म्हशीला धरलं होतं

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला आणि डोळ्यासमोर गॅदरिंग नाही, सहल नाही, एकदम आमच्या दोस्ताच्या आईची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटलीच आली. तिचे चार भाग पाडून दोन काळे दोन पांढरे रंगवलेली, मधोमध खिळ्यानं भोक पाडून सुतळी ओवलेली आणि हलकी म्हणून पाण्यात तिरकी व्हायची, तर खाली किराणा दुकानातलं किलोचं वजन बांधलेलं.

1994 ची गोष्ट, आम्ही नववीत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आदल्याच वर्षी म्हणजे 1993 ला सुरू झाली होती, दहा ते सतरा वयाच्या मुलांनी गट करून आपल्याच गावातला प्रश्न घ्यायचा, मोजायचा, आणि आपल्या भाषेत मांडायचा. हे आपल्या भाषेत ऐकलं आणि आम्ही पाच जणांनी लगेच नाव दिलं, खरं सांगायचं तर इंग्रजीत मांडायची भीती नव्हती म्हणूनच दिलं. विषय शोधायची गरजच नव्हती, कोल्हापुरात राहून रंकाळा तलाव सोडून दुसरं काय घेणार, पाणी हिरवं, कडेला केंदाळ म्हणजे जलपर्णी, आणि त्यात म्हशी. आमचा निकाल आधीच लागलेला होता, प्रोजेक्टच्या वहीवर नाव सुद्धा टाकून झालं, 'म्हशींमुळे होणारे रंकाळ्याचे प्रदूषण'. आमच्यातल्या एकाच्या घरी चार म्हशी, तो चार दिवस आमच्याशी बोलला नाही. ताटली त्याच्याच घरची, हे विशेष!

ताटलीचं काम म्हणजे पाणी किती नितळ ते मोजायचं, त्यासाठी ती काठावरून हळूहळू सोडायची, दिसेनाशी झाली की सुतळीला पाणी लागलंय तिथं चिमटीत धरायचं, वर घेताना परत दिसली की तिथंही धरायचं, दोन्हीच्या मधलं माप वहीत. 1865 साली इटलीतल्या सेक्की नावाच्या पाद्र्यानं ही युक्ती काढली असं बाईंनी सांगितलं, आम्ही त्याला सखी ताटली म्हणायचो. संध्यामठाच्या बाजूला ताटली जरा तरी खाली जायची, नाला येऊन मिळतो तिथं मात्र वीतभर गेली न गेली तोवर गायब.

एकदा म्हशी धुणाऱ्या एका आजोबांना आम्ही प्रश्नावली घेऊन गाठलं. तुमच्या म्हशी किती, रोज आणता का, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं बाळांनो, म्हस काय आजची हाय व्हय? माझा आज्जा बी हितंच म्हशी आणायचा, तवा तळ दिसायचा. त्या नाल्यात जाऊन बघा की जरा."

बाईंना येऊन सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या मग बघा की जाऊन. कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडून त्यांनी दोन रसायनं आणली. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. आणि जायचं उजाडायच्या आधी, कारण हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्रभर स्वतःच ओढून घेतं, दुपारी गेलात तर पाणी तुम्हाला फसवणार. थंडीत पाच सायकली, डायनॅमोचा आवाज, आणि हातात पिशवीत खुळखुळणाऱ्या बाटल्या. म्हशी उतरतात तिथली बाटली तपकिरी झाली, फिकट पण तपकिरी. नाल्याच्या तोंडाची पांढरी, म्हणजे तिथल्या घाणीनं ऑक्सिजन खाऊन टाकलेला. दुधासारखी पांढरी. परत भरली, परत पांढरी. म्हशीवाला दोस्त काहीच बोलला नाही, नुसता बाटलीकडं बघून हसत होता, ते हसू मला अजून दिसतं.

म्हणजे म्हशी अगदी साध्यासुध्या असं नाही हं, शेणानं पण केंदाळाला खत मिळतंच. पण घराघरातलं सांडपाणी, मोऱ्यांचं, साबणाचं, ते आमच्याच गल्लीतनं येत होतं आणि आम्ही वही घेऊन म्हशी मोजत बसलो होतो. वहीवरचं नाव खोडून 'रंकाळ्याच्या पाण्यातील ऑक्सिजन' असं साधं केलं. पुढं श्रमदान करून केंदाळ पण काढलं, ट्रॉलीभर, फोटो काढले, आणि महिन्यात जागच्या जागी परत, कारण ते दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होतं आणि खायला घालणारा नाला चालूच. एका कार्यालयात निवेदन दिलं, पोच मिळाली, उत्तर नाही. जिल्ह्याच्या पुढं निवड झाली नाही. तेव्हा वाईट वाटलं, आता नाही वाटत.

आता माझ्या पोरीच्या शाळेत पर्यावरणाचा प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोलची नदी आणि त्यावर 'नदी वाचवा' असं चकचकीत कागदात कापलेलं, ते बघून मी गप्प बसतो, बायको सांगते गप्प बस म्हणून. गणपती आता रंकाळ्याऐवजी इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात सोडतात, मूर्तीदान करतात, ते बरं झालं.

एक काम मात्र आहे शाळेकडं. प्रयोगशाळेच्या जुन्या कपाटात, बहुतेक खालच्या कप्प्यात, ती ताटली असेल तर बघा. दोस्ताची आई अजून विचारते.