केसांना नीळ

परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा आडवी होणार तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल. डोक्याला टॉवेल, डोळे सुजलेले. "मावशी, हसणार नसशील तर दाखवते." टॉवेल काढला आणि मला समोर माझी आत्याआजी दिसली.

पार्लरमध्ये बक्कळ पैसे घालून ब्लाँड करून घेतलेले केस, ते धुऊन धुऊन झाले पिवळेधमक, म्हणून हिने ॲश शेडचा, म्हणजे राखाडी झाक देणाऱ्या रंगाचा, डबा मागवला आणि बाथरूममध्ये बसून स्वतःच लावला. पिवळा गेला. सगळंच गेलं. वय पंचविशीच्या आत आणि डोकं संपूर्ण करडं, कानामागे तर चक्क हिरवट झाक.

आता हे का होतं ते मला कुणी समजावायची गरज नाही, कारण मी आमच्या आजीला धोतरं धुताना बघितलंय. निळीची पुरचुंडी बादलीत दोनदा फिरवायची, कपड्यांचा पिवळटपणा मरतो. तिसऱ्यांदा फिरवली की आजोबा निळे. आणि जुनं विरलेलं धोतर असेल तर ते नीळ जास्त पितं असं आजी म्हणायची, त्यामुळे एकाच बादलीतून निघालेली दोन धोतरं वेगवेगळ्या रंगाची, आजोबा चिडायचे, आजी म्हणायची उन्हात उडेल. ॲश शेडमध्ये तीच निळी-जांभळी भानगड असते, आणि ब्लीच केलेला केस म्हणजे विरलेलं धोतर. त्याच्यातला मूळचा तांबूस-सोनेरी रंग ब्लीचने आधीच काढून टाकलेला, वरून थंड रंग ओतला, तो आत जाऊन बसला, मग करडंच होणार ना.

भाचीचा पुढचा प्लॅन काय, तर ह्याच्यावर लगेच डार्क ब्राऊन ठोकायचा. मी म्हटलं थांब बाई, तोही चिखलासारखाच येईल. आमच्या पार्लरवालीला विचारलं (तिची दुपारची झोपमोड करून, त्याचे टोमणे वेगळे). ती म्हणाली चार दिवस डँड्रफच्या शाम्पूने धुवा, वरवरचा रंग बराच निघतो, मग जी ऊब गेलीये ती आधी परत भरायची, म्हणजे गोल्डन किंवा कॉपर, मग हवा तो ब्राऊन. बहुतेक डब्यांवर आकडे असतात, पॉइंट वन म्हणजे ॲश, पॉइंट थ्री म्हणजे गोल्डन, पॉइंट फोर कॉपर, ते वाचायचे, फोटोतल्या बाईच्या केसांकडे बघायचं नाही. आणि आधी मानेजवळच्या एका बटेवर लावून बघायचं. परत ब्लीच तर अजिबात नको, केस तुटून हातात येतील.

थोडक्यात काय, डोक्यात थोडा केशरी घाला. हे ऐकून मला जे हसू आलं! आमच्याकडच्या सगळ्या बायका लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवून वर्षानुवर्षं तेच करतायत, फुकटात केशरी. (भाचीला मात्र मेंदी लाव म्हटलं नाही, ब्लीचवर ती भडक बसते आणि मग हलत नाही.)

मला एक वाईट खोड आहे, रांगेत उभी असले की पुढच्या माणसाचा भांग बघते. मुळाशी किती पांढरं वाढलंय त्यावरून शेवटचा डाय कधी झाला ते सांगू शकते, कुणी विचारत नाही ती गोष्ट वेगळी. ही खोड बाबांमुळे. रविवारी सकाळी जुनी बनियन, गॅलरीत स्टूल, प्लॅस्टिकच्या वाटीत काळी पावडर, जुना टूथब्रश. मागचं त्यांना दिसायचं नाही म्हणून ते काम माझं. कानाची पाळी हमखास काळी व्हायची, उशीचा अभ्रा तर आईने वेगळाच काढून ठेवलेला, आणि सोमवारी ऑफिसला कपाळावर एक काळी रेघ घेऊन स्वारी निघायची, जगाला काही कळत नाही अशा थाटात.

पाकिटावर लिहिलेलं असायचं की 48 तास आधी कोपराच्या आत थोडं लावून बघा. कोण बघतंय! वर्षानुवर्षं काही झालं नाही आणि मग एका सोमवारी बाबांचे डोळे उघडेचनात, पापण्या सुजून टम्म, कपाळाला पुरळ. डॉक्टर म्हणाले पीपीडीची, म्हणजे डायमधल्या रसायनाची, ॲलर्जी, आता जन्मात डाय नाही, काळी मेंदी म्हणून जी पाकिटं मिळतात तीही नाही, त्यात बहुतेक वेळा तेच असतं.

दोन-तीन महिन्यांत बाबा पूर्ण पांढरे झाले. छान दिसायचे खरं तर, आई तर म्हणायची उगाच इतकी वर्षं अभ्रे खराब केले. पण एकदा बसमध्ये कॉलेजचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "आजोबा, बसा." बाबा बसले नाहीत. पुढच्या स्टॉपला उतरले आणि भर दुपारी चालत घरी आले.