कॅम्पिंगची शेगडी, मोठी टाकी आणि आईचा प्रश्न

मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही पाच फॅमिली मिळून इथे कॅलिफोर्नियातल्या लासेन वोल्कॅनिक नॅशनल पार्कला गेलो होतो, मॅन्झनिटा लेकच्या कॅम्पग्राउंडला, तीन रात्री. मोठी आणि लहान धरून अठरा माणसं. परत निघताना बेअर लॉकर (अस्वलांपासून खाणं लांब ठेवायची लोखंडी पेटी) रिकामा करत होते तर त्याच्या बाजूला एक पिशवी, आणि पिशवीत ते 1 पौंडाचे हिरवे प्रोपेनचे कॅन, सात. चार पूर्ण रिकामे, बाकीच्यांत थोडा थोडा गॅस शिल्लक, हलवलं की आत खळखळ ऐकू येतेय. कचऱ्यात टाकता येत नाहीत कारण अर्धवट भरलेला कॅन कचऱ्याच्या ट्रकमध्ये दाबला गेला तर फुटू शकतो, आणि आमच्याकडे असे कॅन घातक कचऱ्याच्या सेंटरला अपॉइंटमेंट घेऊनच द्यावे लागतात. म्हणजे तीन दिवसांच्या पोहे, चहा आणि खिचडीसाठी सात स्टीलचे डबे बनवले, आणले, आणि एकदा वापरून संपले. मला ते फार लागलं, खरंच. सांगलीला आमच्या घरी एकच गॅसची टाकी वर्षानुवर्षं फिरत असते, भरून येते, रिकामी जाते, ती फेकायची हा विचारच कुणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून या वर्षी ठरवलं की बार्बेक्यूची ती पांढरी 20 पौंडाची टाकी असते ना, तीच घेऊन जायची आणि कॅम्पिंगच्या दोन बर्नरच्या शेगडीला जोडायची. मे महिन्यात घरामागे ट्रायल घेतली. त्याच वेळी आई सांगलीहून आलेली. मी टाकीला नळी जोडली, नळीचं दुसरं टोक शेगडीला लावलं, आणि आई बाजूला उभी राहून बघत होती ती म्हणाली, "अगं, ह्याला रेग्युलेटर कुठंय?"

मी म्हटलं, आहे ना आई, शेगडीला आहे. ती म्हणाली, "शेगडीला कसा असंल? रेग्युलेटर टाकीवर असतो."

आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात समजून घ्यायची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. आपल्याकडे घरी रेग्युलेटर टाकीच्या तोंडावरच खटकन बसतो, म्हणजे टाकीतला प्रेशर तिथल्या तिथे उतरतो आणि त्या केशरी नळीतून जो गॅस जातो तो अगदी हलक्या प्रेशरचा असतो, अर्धा पीएसआयसुद्धा नाही (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं इथलं माप). इथल्या कॅम्पिंग शेगडीत उलटं आहे. हिरवा कॅन ज्या वाकड्या पाइपवर फिरवून लावतो तो पाइप म्हणजेच रेग्युलेटर, आणि तो शेगडीच्या बाजूला. त्यामुळे कॅन काढून तिथे लांब नळी लावली की नळीत टाकीचा पूर्ण प्रेशर येतो, साध्या 70 डिग्री फॅरनहाइटच्या दिवशी तो 100 पीएसआयच्या वर असतो. म्हणजे सांगलीच्या नळीच्या दोनशे पटीहून जास्त. आईला हे सांगितलं तर ती दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, मग नळी चांगली बघून घेतलीस ना. बरोबर प्रश्न विचारला तिने.

तर नळी. 'हाय प्रेशर' लिहिलेली आणि एलपी गॅससाठीच असलेली घ्यायची, 350 पीएसआयचं रेटिंग नळीवरच छापलेलं असतं. एका टोकाला टाकीवर बसणारा मोठा प्लास्टिकचा नट, दुसऱ्या टोकाला हिरव्या कॅनच्या तोंडासारखी आट्यांची पितळी तोटी. मधे रेग्युलेटर नको. बार्बेक्यूच्या ग्रिलची जी नळी असते तिच्यावर बशीसारखा गोल रेग्युलेटर असतो, ती इथे चालत नाही, कारण तो प्रेशर आधीच एवढा खाली आणतो की पुढे शेगडीच्या रेग्युलेटरला काही उरतच नाही आणि ज्योत मिणमिणती लागते. आणि याच्या उलट करणं तर धोक्याचं, म्हणजे ज्या शेगडीला स्वतःचा रेग्युलेटर नाही तिला ही हाय प्रेशर नळी थेट जोडायची, ते अजिबात कुणी करू नका. शेगडी कुठलीही असो, आधी तिचा रेग्युलेटर हाताने दाखवता आला पाहिजे, मगच नळी विकत घ्यायला जायचं.

आता आमचं काय चुकलं ते सांगते, कारण पहिल्या ट्रायलला शेगडी पेटलीच नाही नीट. दोन्ही बर्नरवर एवढीशी निळी ज्योत, चहाचं पाणी पंधरा मिनिटं झाली तरी कोमटच. नवरा म्हणाला नळी खराब आली, परत करू. मग बराच वेळ खटपट केल्यावर कळलं की मी टाकीचा व्हॉल्व्ह एकदम झटक्यात उघडला होता. त्या प्लास्टिकच्या नटच्या आत एक सेफ्टीची सोय असते, गॅस एकदम जोरात धावला तर तिला वाटतं नळी फुटली, आणि ती वाट जवळजवळ बंद करून टाकते. उपाय सोपा आहे, टाकी बंद, शेगडीच्या चाव्या बंद, नट सोडवून थोडं थांबायचं, परत लावायचा आणि व्हॉल्व्ह अगदी हळूहळू उघडायचा. तसं केलं आणि पाच मिनिटांत चहा उकळला. तो नट हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही.

नंतर साबणाचं पाणी. सांगलीला वडील नवी टाकी लावली की साबणाचा फेस लावायचेच, तेच इथे करायचं, दोन्ही जोडांवर, व्हॉल्व्ह उघडा ठेवून आणि शेगडीच्या चाव्या बंद ठेवून. बुडबुडा आला तर पेटवायचं नाही. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो, तंबूच्या दिशेने उतार असेल तर तिकडे जातो. टाकी कायम उभी ठेवायची, आडवी केली तर गॅसऐवजी लिक्विड नळीत येऊ शकतं. आम्ही टाकी दुधाच्या क्रेटमध्ये ठेवतो आणि टेबलाच्या पायाला बंजी कॉर्डने बांधतो, नळी मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाही अशा बाजूने. बंद करताना आधी टाकी बंद करायची, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग चाव्या. आणि कितीही थंडी वाजू दे, शेगडी तंबूच्या आत कधीच नाही. शेगडी जळताना जो विषारी कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो त्याला वासच नसतो, गॅसच्या गळतीचा जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो.

थंडीवरून आठवलं, मोठ्या टाकीचा मला सगळ्यात जास्त पटलेला फायदा हा आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मॅन्झनिटा लेक जवळपास 5,900 फुटांवर आहे, जूनमध्येसुद्धा पहाटे कडाक्याची थंडी. मागच्या वर्षी सकाळी हिरव्या कॅनवर पांढरं दव गोठलेलं आणि ज्योत मरतुकडी. आम्हाला वाटलं गॅस संपला, कॅन बदलला, आणि दुपारी तोच जुना कॅन मस्त चालला! होतं असं की आतल्या लिक्विडचा गॅस होताना ते स्वतःचीच उष्णता खातं आणि गार पडतं, छोट्या डब्यात लिक्विड कमी आणि बाहेरून ऊब घ्यायला पत्राही कमी, त्यामुळे प्रेशर पडतो. प्रोपेन उणे 42 सेल्सिअसला उकळतो, म्हणजे गॅस चांगलाच असतो, डबा लहान पडतो. 20 पौंडाच्या टाकीला हा त्रास जवळपास होत नाही. या जूनमध्ये परत तिथेच गेलो, पहाटे साडेपाचला आईने स्वतः दोन्ही बर्नर पेटवून एकीकडे चहा आणि दुसरीकडे वीस माणसांचे पोहे टाकले, ज्योत जराही कमी झाली नाही.

हिशोबही सांगते. टाकीच्या वरच्या कड्यावर टीडब्ल्यू म्हणून आकडा असतो, तो रिकाम्या टाकीच्या वजनाचा, आमच्या टाकीवर 17 आहे. पूर्ण भरली की 37 पौंड. घरी वजनकाट्यावर ठेवून निघालो आणि आल्यावर परत ठेवली तर 31, म्हणजे तीन दिवसांत 6 पौंड गेले. एका पौंडात साधारण 21,500 बीटीयू (उष्णता मोजायचं माप) उष्णता आणि आमची शेगडी दोन्ही बर्नर फुल असताना तासाला 20,000 बीटीयू, म्हणजे ढोबळ मानाने एक पौंड एक तास. आमच्या इथे हिरवा कॅन 6-7 डॉलरला आणि ही अख्खी टाकी वीस-पंचवीसमध्ये भरून मिळते. फक्त ती दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातली, रिकामी देऊन भरलेली घ्यायची टाकी घेऊ नका, तिच्यात बऱ्याचदा 15 पौंडच असतो, लेबलवर बारीक लिहिलेलं असतं. यू-हॉलसारख्या (सामान हलवायचे ट्रक भाड्याने देणारी कंपनी) ठिकाणी भरून घेतली की जेवढा गॅस तेवढेच पैसे. भरताना 80 टक्केच भरतात, उन्हात लिक्विड फुगतं म्हणून वरची जागा मोकळी हवी. टाकीवर बनवल्याची तारीख असते तीही बघा, 12 वर्षं झाली की तपासणीशिवाय कुणी भरून देत नाही.

चारच माणसं जाणार असाल तर 20 पौंडाची टाकी उगाच जड होते, 5 पौंडाची मिळते, एका हातात उचलता येते आणि तिलाही तोच व्हॉल्व्ह असतो. आणि बॅकपॅकमध्ये न्यायला 1 पौंडाचाच हवा असेल तर फ्लेम किंग कंपनीचा परत भरता येणारा मिळतो, तो घ्या. एक ॲडाप्टर मिळतो ज्याने मोठ्या टाकीतून हिरवे कॅन परत भरता येतात, ग्रुपमधल्या दोघातिघांनी मला तेच सुचवलं. मी नाही म्हटलं. त्या कॅनचा व्हॉल्व्ह एकदाच वापरायला बनवलेला असतो, नंतर गळायला लागतो, आणि असा परत भरलेला कॅन गाडीतून नेणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, कॅनवरच छापलंय, 5 लाख डॉलरपर्यंत दंड आणि 5 वर्षं कैद. तसंही कॅलिफोर्नियात 2024 मध्ये एसबी 1280 कायदा झालाय, 1 जानेवारी 2028 पासून एकदा वापरून फेकायचे हे कॅन विकताच येणार नाहीत. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

मागच्या वर्षीचे ते सात कॅन अजून गराजमध्ये आहेत. अर्धवट होते ते तीन आम्ही वाफेवरचे मोदक करताना बाहेर अंगणात शेगडीवर संपवले, आता सातही रिकामे आहेत, सेंटरची अपॉइंटमेंट पुढच्या शनिवारी सकाळी नऊची मिळालीये.