सगळे आले का? चला!

ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये नाव घालायचं ठरलं आणि एका दुपारी अर्ज भरायला बसले. नाव, वय, रक्तगट इथपर्यंत पेन सरसर चाललं. मग प्रश्न आला: चालण्याचा वेग. मंद, मध्यम, जलद. योग्य तिथे खूण करा. पेन थबकलं. एकटं चालताना माणसाला वेग असतोच कुठे? बरोबर दुसरं कुणी चालायला लागलं की तो येतो.

'मध्यम'वर खूण केली. सगळेच तिथे करत असणार.

लहानपणी दादाबरोबर फिरायला जायचं म्हणजे त्याची पाठ बघत जायचं. लांब ढांगा टाकत तो पुढे निघून जायचा, वळणावरच्या दगडावर ऐसपैस बसायचा आणि मी धापा टाकत तिथवर पोचले की नेमका उठून चड्डी झटकायचा. "चला!" मी "थांब ना रे" म्हटलं की म्हणायचा, "मग इतका वेळ काय करत होतो?" यावर काय बोलणार? हिशेबानं त्याचं बरोबरच होतं. फक्त तो दगड माझ्या वाट्याला कधी आला नाही.

ग्रुपमध्ये गेल्यावर कळलं की हा दादाचा शोध नव्हता. पुढचे टेकाडावर पोचतात, सॅक उतरवतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा दिसला की सॅक पुन्हा पाठीवर. ज्याच्यासाठी थांबायचं, तो सोडून सगळ्यांची विश्रांती होते. यावर हळू चालणाऱ्यांना सगळ्यांत पुढे घालायचा तोडगा काही ग्रुप काढतात. तोडगा चांगला आहे, पण मला सोसत नाही. मागच्या माणसाचा संयम मानेवर जाणवत राहतो.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये घालून दिलेला एक हिशेब अजून वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे ८ किलोमीटरची वाट आणि ६०० मीटरची चढण असेल तर अडीच तासांच्या वर थोडं. यात दम खायला एक मिनिटही धरलेलं नाही. नेस्मिथसाहेब पुढे चालणाऱ्यांतले असावेत.

पेट्रार्क मात्र आपल्यातला. हा इटालियन कवी १३३६ साली फ्रान्समधल्या माँ व्हाँतूवर चढून गेला. बरोबर कुणाला न्यावं यावर त्यानं केलेला खल त्याच्या पत्रात आहे. हा मित्र फार संथ, तो फार घाईचा. हा फार उदास, तो फार आनंदी. शेवटी धाकट्या भावाला घेतलं. भाऊ सरळ उभ्या धारेनं वर गेला. कविराज सोपी वाट शोधत खालच्या दऱ्यांतून भटकत राहिले. दमूनभागून भावाला गाठलं, तेव्हा तो बराच वेळ आडवा पडून ताजातवाना झालेला! वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तो डोंगर खरंच चढला की नुसताच लिहिला, अशी शंका काही अभ्यासकांना आहे. मला नाही. हे असं बसल्या जागी सुचत नाही.

ग्रुपमध्ये एक सोय मात्र आहे, जी दादाकडे नव्हती आणि पेट्रार्कच्या भावाकडेही नव्हती. सगळ्यांत मागे राहायचं काम एकाला नेमून दिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो चांगला मुरलेला असतो. त्यामुळे आपण कितीही रेंगाळलो तरी शेवटचे होत नाही. आमच्या त्या गृहस्थांच्या बुटाची नाडी चढावरच सुटायची. मी वाकून गुडघ्यावर हात टेकले की त्यांना हमखास एखादा पक्षी दिसायचा. "थांबा जरा, हलू नका," असं हळूच म्हणून ते झाडीकडे टक लावायचे. मीही बघायची. मला एकही दिसला नाही.

उतरताना मी विचारलं, "काका, तो मघाचा पक्षी कोणता होता?"

"कोणता पक्षी?" काका म्हणाले.